यादीत १८, मैदानात ७



मी कॉलेजच्या फुटबॉल संघाला सराव देतो. यादीत १८ नावं असतात; मॅचच्या दिवशी नऊ-दहा येतात. कुणाचं प्रॅक्टिकल, कुणी अब्बांच्या गॅरेजवर, कुणाची रात्रपाळी. फुटबॉलचा तिसरा नियम साफ आहे : एका बाजूला ७ पेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. मागच्या मोसमात उपांत्य फेरीला आम्ही सहाच होतो. सातवा डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊनच धावत आला. ११ जणांसमोर ७ जण, पाच गोल खाल्ले. त्याची त्या दिवसाची कमाई बुडाली ती वेगळीच.

खरं सांगू? गैरहजर राहतात म्हणून त्याआधी दोन नावं मीच कापली होती, न विचारता. त्यातला एक अम्मीला डायलिसिसला नेत होता. मी माफी मागितली. तो परत आला नाही.

आता यादी करण्याआधी प्रत्येकाला घरचं, कामाचं वेळापत्रक विचारतो. मुलींचा संघ मात्र अजून उभा राहत नाही. डोक्यावर स्कार्फ घालून खेळायला २०१४ पासून परवानगी आहे, अडचण ती नाहीच. मैदान आम्हाला मिळतं ते अंधार पडताना. सकाळची वेळ मागितलीय. मिळाली तर मला १६ मुली हव्यात. इथे बसलेल्यांपैकी कोण येणार?