पेणकर, रोहेकर, किहीमकर : आडनावापासून जनुकापर्यंत

पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं ऐकली की रायगड जिल्ह्यातली गावं आठवतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातही अशी आडनावं आहेत. तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटलं, त्यातून वाचलेली सात जोडपी आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा सांगते.

या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतले ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे ठळकपणे दिसले. हा संगम सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा असावा, असा अंदाज निघाला. ज्यू वारसा अधिक करून पुरुषांकडून, तर स्थानिक वारसा स्त्रियांकडून आला होता.

हे कसं कळतं? वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं. मायटोकाँड्रियातला डीएनए मात्र आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो. त्यामुळे दोन्ही वंशरेषा वेगळ्या तपासता येतात.

पण डीएनए पूर्वजांची नावं सांगत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, जुन्या दस्तांतून, कुलवृत्तांतातून, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून मिळतात. म्हणून डीएनए तपासणीआधी घरातल्या आजी-आजोबांना विचारा. नावं, गावं, नाती लिहून घ्या. पणजीचं माहेरचं नावही त्यात आवर्जून असू द्या.