बिलाला तारीख आहे, पैशाला नाही



ई-इनव्हॉइसच्या सक्तीविषयी बोलताना एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. आपला या पद्धतीला विरोध नाही. माल न हलवता नुसती बिले फाडून सरकारी तिजोरीतून कराची वजावट उकळण्याच्या धंद्याला आळा बसलाच पाहिजे. करबुडव्यांचा कैवार घेणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे.

प्रश्न निराळा आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी ही सक्ती ५०० कोटींवरील उलाढालीच्या कंपन्यांपुरती होती. टप्प्याटप्प्याने उतरत ती मर्यादा १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. एवढ्या उलाढालीत यंत्रांचे सुटे भाग करणारा, मोजक्या कामगारांचा कारखानाही येतो. त्याचे बिल पोर्टलवर नोंदले जाते, त्याला ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. त्यावाचून ते बिल कायद्याने बिलच नव्हे. काय विकले, कोणाला, केवढ्याला, हे शासनाला तत्काळ कळते. पैसे कधी मिळाले, हे मात्र ते पोर्टल विचारीत नाही.

आता त्या कारखान्याचे पंचांग पाहा. ७ तारखेच्या आत मजुरी, १५ च्या आत भविष्यनिर्वाह निधी, २० च्या आत वस्तू व सेवा कर. या तारखा रास्तच आहेत. परंतु १८ टक्के दराच्या मालाचे एक लाखाचे बिल केले की त्यावरील १८,००० रुपयांचा कर, कच्च्या मालाची वजावट जाऊन उरेल तेवढा, पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. मग गिऱ्हाइकाने छदामही दिलेला नसो. उलट तेच गिऱ्हाईक, बहुधा एखादी बडी कंपनी, त्याच १८,००० रुपयांची वजावट घेऊन मोकळे होते. पैसे न दिल्यास वजावट परत करावी लागते, पण १८० दिवसांनंतर! २००६ चा लघुउद्योगविषयक कायदा मात्र सांगतो की सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. न झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एकच शासन, एकच बिल आणि मुदती दोन!

व्याजासाठी दाद मागण्याची सोय आहे, हे खरे. पण उद्याचे काम ज्याच्याकडून मिळायचे त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? शेवटी ओढाताण होते ती कामगाराच्या पगाराची.

सरकारी खात्यांचे काय? करकपातीसाठी नोंदलेल्या खात्याला माल पुरवला तरी ई-इनव्हॉइस लागते, असा खुलासा जुलै २०२३ मध्ये झाला. खुद्द सरकारी खाती व स्थानिक संस्था यांना मात्र असे बिल काढण्यातून जून २०२१ पासून सूट आहे. पुरवठादाराची बिले आमच्या कार्यालयांत किती काळ पडून राहतात, हे आपणांस सांगायला नको.

म्हणून आपली मागणी अशी की, त्याच पोर्टलवर माल स्वीकारल्याची आणि पैसे दिल्याची तारीख नोंदविणे खरेदीदारावर बंधनकारक व्हावे. ४५ दिवस उलटताच त्याची वजावट थांबावी आणि व्याजाची आकारणी पुरवठादाराच्या अर्जावाचून व्हावी. सरकारी खातेही यातून सुटता कामा नये.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपापल्या नगरपालिकेत आणि जिल्हा परिषदेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, ४५ दिवसांहून जुन्या थकलेल्या बिलांची यादी मागा आणि ती सभेपुढे ठेवा.