आस कोठे आहे?



शरीर न कापता आतला छेद पाहता येतो, हे सीटी स्कॅनमुळे आपणां सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. तेच काम क्ष-किरणांऐवजी दृश्य प्रकाशाने करण्याची रीत २००२ साली एडिंबरोचे जेम्स शार्प व त्यांचे सहकारी यांनी मांडली. तिचे नाव ऑप्टिकल प्रोजेक्शन टोमोग्राफी. उंदराचा काही मिलिमीटरांचा गर्भ जेलीत बसवावयाचा, विशिष्ट द्रवात मुरवून पारदर्शक करावयाचा आणि थोडा थोडा फिरवीत त्याची छायाचित्रे घ्यावयाची. दर ०.९ अंशाला एक घेतले, तर एका फेऱ्यात ४०० होतात. या सपाट चित्रांतून गणित घन आकृती उभी करते. त्या गणिताचा पाया योहान राडोन यांनी १९१७ सालीच घालून ठेवला होता.

मग अडते कोठे? गर्भ ज्या आसाभोवती फिरला, तो आस चित्रात नेमका कोठे आहे, हे गणिताला सांगावे लागते. गर्भ आसापासून बाजूला बसला तरी चालते. पण आसाची जागाच चुकीची धरली, तर एका ठिपक्याचे कडे होते. भरीव मज्जातंतू पोकळ नळीसारखा दिसू लागतो. अशा चित्रावर विसंबणारा संशोधक नसलेल्या रक्तवाहिनीचे वर्णन लिहून बसेल!

डोळ्यांनी अंदाज घेत आस जुळविता येतो. पण त्यात वेळ जातो आणि नजर थकते. यंत्रावर हे काम सोपविण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली सोपी. अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे आरशातल्या प्रतिबिंबासारखी असतात. एक उलटवून दुसऱ्यावर बसविले की आस कळतो. मात्र भिंग बहुधा पुढचाच अर्धा भाग स्पष्ट टिपते, म्हणून ही जोडी तंतोतंत जुळत नाही. दुसरी वाट चिकाटीची. यंत्र एक आस धरते, छेद रचते, त्यातील काळ्यापांढऱ्याचा फरक मोजते. मग आस किंचित सरकवून पुन्हा तेच. फरक जेथे सर्वांत ठसठशीत, तेथे आस. वर एकदा, खाली एकदा असे केले, की आस कललेला असल्यास तेही उमगते.

परंतु यंत्र ठसठशीतपणा मोजते, खरेपणा नव्हे. फिरताना जेली घसरली, तरीही ते एक उत्तर देतेच. म्हणून आमचे सांगणे एवढेच: फेरा पुरा झाल्यावर आणखी एक चित्र घ्यावे व पहिल्याशी ताडून पाहावे. दोन्ही जुळली, तरच पुढच्या आकृतीवर भरवसा ठेवावा.