ब्राउझरांचं एकमत

शिर्डीच्या दर्शनाचं आरक्षण असो वा सातबारा, पान राहुरीतल्या फोनवर आणि नगरच्या संगणकावर सारखंच चालतं, ते ब्राउझर बनवणाऱ्या स्पर्धक कंपन्या काही नियम आपसांत ठरवतात म्हणून. पानाचे भाग एकदा घडवून कुठेही वापरता यावेत, यासाठीचं ‘वेब कंपोनंट्स’ हे मानक त्याचं बोलकं उदाहरण. गूगलने २०१४ मध्येच क्रोममध्ये त्याची पहिली आवृत्ती आणली; मोझिला आणि ॲपलला ती पटली नाही. २०१५ मध्ये वादाच्या मुद्द्यांवर तडजोड झाली. सुधारित रूप २०१६-१७ मध्ये क्रोम व सफारीत, तर २०१८ मध्ये फायरफॉक्समध्ये आलं.

कुणी म्हणेल, बहुतेक लोक क्रोमच वापरतात, मग इतरांसाठी थांबायचं कशाला? यूट्यूबची २०१७ची नवी रचना त्या जुन्या आवृत्तीवरच उभी होती, आणि फायरफॉक्समध्ये ती जादा कोडच्या कुबड्या घेऊन चालत होती. शेवटी २०२० मध्ये खुद्द क्रोमनेच ती आवृत्ती मोडीत काढायला घेतली! घाईचा खर्च असा दुप्पट होतो. एकमत अर्थात पूर्ण नाही. ब्राउझरमधल्या मूळ घटकांनाच वाढवण्याची एक सोय ॲपलने नाकारलेली आहे. तेव्हा आपली पतसंस्था किंवा दूध संघ संकेतस्थळ करवून घेत असेल, तर ते फायरफॉक्स आणि सफारीतही तपासा, मगच ताब्यात घ्या.