हात न लागणारी मालमत्ता : ‘इन्टॅन्जिबल’ या शब्दाविषयी
(समितीच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



बँकेच्या कामकाजात येणाऱ्या इंग्रजी शब्दांवर मी बोलावे, असे समितीने सुचविले. असे शब्द पुष्कळ आहेत. वेळ थोडा असल्यामुळे मी एकच घेतो : ‘इन्टॅन्जिबल’.

लॅटिन भाषेत ‘टांगेरे’ म्हणजे स्पर्श करणे. त्यावरून ‘टॅन्जिबल’ म्हणजे हात लावून पाहता येईल असे, आणि मागे ‘इन’ लागला की नकार. भूमितीत तुम्ही ‘टॅन्जंट’ शिकता. ती वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते, म्हणून तिला मराठीत स्पर्शिका म्हणतात. ‘कॉन्टॅक्ट’ आणि ‘इन्टॅक्ट’ हेही याच घराण्यातले. मूळ ध्यानात राहिले की अर्थाची घोकंपट्टी करावी लागत नाही.

याला मराठी शब्द कोणता? हिशेबाच्या पुस्तकांत ‘अमूर्त’ किंवा ‘अदृश्य’ मालमत्ता असे छापलेले आढळते. ‘अदृश्य’ मला पटत नाही, कारण मुद्दा दिसण्याचा नसून स्पर्शाचा आहे. शब्दशः भाषांतर केले तर ‘अस्पृश्य मालमत्ता’ होईल! तो शब्द कोणी का वापरत नाही, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. पण फरक पाहा. ज्याला स्पर्श करताच येत नाही ते इन्टॅन्जिबल. ज्याला स्पर्श करता येतो, पण जो निषिद्ध ठरविला, तो अनटचेबल. पहिली गोष्ट वस्तूच्या स्वभावातली आहे, दुसरी माणसाने केलेली. इंग्रजीत यासाठी दोन शब्द राहिले. आपल्याकडे ‘अस्पृश्य’ हा शब्द एकाच अर्थाला असा जखडला गेला की दुसऱ्या कामाला उरलाच नाही.

बँकेत कर्जाचा मोठा अर्ज आला की आम्ही ‘टॅन्जिबल नेटवर्थ’ काढतो. एकूण मालमत्तेतून देणी वजा करायची आणि इन्टॅन्जिबल मालमत्ताही वजा करायची. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, संगणकाचे सॉफ्टवेअर, गुडविल ही तिची नेहमीची उदाहरणे. कोणी विचारील, बँकेतल्या ठेवीला तरी कुठे हात लावता येतो? म्हणून हिशेबाच्या व्याख्येतच अट घातली आहे की ही मालमत्ता पैशाच्या स्वरूपातली नसावी.

सनदी लेखापालांच्या संस्थेने या विषयावर 26 क्रमांकाचे लेखामानक 2002 साली काढले. त्यातील एक नियम मला फार विचार करायला लावतो. समजा, मोंढ्यात एकाने पन्नास वर्षे सचोटीने दुकान चालविले. गिऱ्हाईक डोळे मिटून माल नेते. हा नावलौकिक त्याच्या ताळेबंदात एका रुपयानेही दाखविता येत नाही. उद्या दुसऱ्याने ते दुकान नावलौकिकासह विकत घेतले, तर मालाच्या किमतीवर मोजलेली जादा रक्कम त्याच्या वहीत ‘गुडविल’ म्हणून चढते. म्हणजे कमावलेले नाव वहीत येत नाही, विकत घेतलेले येते. लेखापालांची अडचण खरी आहे, कारण कमावलेल्या नावाचे खात्रीलायक मोजमाप होत नाही. पण मोजता येत नाही आणि किंमत नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नावाला किती किंमत असते, हे मराठवाड्याइतके कोणी जाणत नसेल. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांच्या लढ्यात जे मागितले ते नाव होते, ज्याला हात लावता येत नाही. जे गमावले ते मात्र पूर्णपणे टॅन्जिबल होते : छप्पर, धान्य, गुरे, जीव. ‘नुसत्या नावासाठी एवढे कशाला?’ असे त्या काळी शहाणी माणसेही विचारीत. ट्रेडमार्कसाठी कोर्टात वर्षानुवर्षे भांडणाऱ्या कंपन्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

जाता जाता एक सांगतो. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्हा तिकडे गेला. त्यामुळे माझ्या बी.ए.च्या पदवीवर ते नाव नाही. तरी ते माझेच वाटते. आता ही भावना कोणत्या खात्यात घालावी?

विद्यार्थ्यांनी हा शब्द वापरताना एक सावधगिरी बाळगावी. नोकरीत ‘इन्टॅन्जिबल बेनिफिट्स’ भरपूर आहेत असे कोणी म्हणाले, तर आधी पगाराचा आकडा विचारा. अनुभव, ओळखी, समाधान हे सारे खरे आहे, पण ते पगाराशिवाय असावे, पगाराऐवजी नव्हे. महाडला 1927 साली बाबासाहेबांनी सांगितले की आपण केवळ पाण्यासाठी आलो नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला आलो आहोत. पण ओंजळीत पाणी घेतलेच, हे विसरू नका.

शेवटी कामाचे. शिक्षण ही इन्टॅन्जिबल गोष्ट आहे, पदवीचा लिलाव होत नाही. तरीही चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वडिलांच्या नावे सातबारा नाही म्हणून अर्जच केला नाही, असे सांगणारी मुले मला दरवर्षी भेटतात. प्रवेशपत्र, फीचा तक्ता, गुणपत्रिका आणि पालकांची ओळखपत्रे घेऊन या. फॉर्म भरायला मी रविवारी समितीच्या कार्यालयात बसतो.

जय भीम, नमो बुद्धाय.