पासिंगला जाण्याआधी

मंडळी, आपल्यापैकी कोणी रिक्षा चालवतो, कोणी टेम्पो, कोणी जीप. शेतकऱ्याला जसा बैल, तशी आपल्याला गाडी. ती उभी राहिली की घरची चूल अडते. म्हणून आज आपण पासिंगविषयी बोलू.

पासिंग म्हणजे काय? भाडे घेऊन माणसे किंवा माल नेणारी गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, असा सरकारी दाखला. कायद्यात त्याला योग्यता प्रमाणपत्र म्हणतात. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याचे ५६ वे कलम सांगते की, हा दाखला नसेल तर गाडीची नोंदणीच धड मानली जात नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असून नसल्यासारखे! त्यातून अपघात झाला, तर विमा कंपनीही पैसे देताना हरकत काढते.

नव्या गाडीला पहिला दाखला दोन वर्षांचा मिळतो. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दर दोन वर्षांनी नवा करायचा. आठ वर्षे झाली की मात्र दरवर्षी. माणसाचे वय वाढले की वैद्याकडे फेऱ्या वाढतात, तसेच हे आहे. घरच्या वापरातल्या मोटारीला पंधरा वर्षांनंतर, नोंदणी नवी करताना, अशी तपासणी लागते.

गाडी नापास झाली की आपण काय म्हणतो? “साहेबानं उगाच अडवलं.” कधी तसे होतही असेल. पण गाडी तपासणीच्या दिवशी बिघडत नाही. ती वर्षभर थोडी थोडी बिघडत असते आणि त्या दिवशी ते दिसते, एवढेच. नापास होण्याची पुष्कळशी कारणे अगदी साधी असतात. ती आधी आपल्याच डोळ्यांना दिसू शकतात. कशी, ते पाहू.

पहिला ब्रेक. मोकळ्या जागी गाडी हळू चालवा आणि ब्रेक दाबा. गाडी एका अंगाला ओढली जाते का? तर त्या जोडीतल्या एका चाकाचा ब्रेक कमी लागतो आहे. लायनर झिजला असेल, नाहीतर त्यावर तेल आले असेल. पायाखाली पेडल मऊ लागते का? दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक धरतो का? तर नळीत हवा शिरली असेल, किंवा ब्रेक ऑइल गळत असेल. नुसते ऑइल ओतून गप्प बसू नका. गळती कुठे आहे ते शोधून घ्या. हँडब्रेकही चढावर लावून पाहा.

दुसरे टायर. नियम असा की, टायरच्या नक्षीची खोली रिक्षेला निदान ०.८ मिलिमीटर आणि मोठ्या गाडीला निदान १.६ मिलिमीटर हवी. मोजायला साधन नसेल, तर मोटारीच्या टायरच्या खाचेत बोट घाला. तळाशी लहान लहान उंचवटे लागतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला असे समजावे. पावसाळ्यात असा गुळगुळीत टायर पाण्यावरून घसरतो. बाजूला चीर किंवा फुगवटा असेल, तरी तो टायर कामाचा नाही.

तिसरे स्टेअरिंग. हातातले चाक थोडे हलवले, तर पुढची चाके लगेच वळली पाहिजेत. मधे खूप ढिलाई असेल, तर कुठला तरी सांधा झिजला आहे. रिक्षेचा हँडलही असाच पाहावा.

चौथे दिवे. हेडलाइट, डिपर, इंडिकेटर, मागचा लाल दिवा, ब्रेकचा दिवा. घरच्या पोराला गाडीमागे उभे करा आणि एकेक दिवा लावा. लागला की त्याने ओरडून सांगावे. पाच मिनिटांचे काम! पण एका बंद बल्बापायी माणसाचा दिवस बुडतो. चकाकणाऱ्या पट्ट्याही पाहा: पुढे पांढरी, मागे लाल, आणि मोठ्या गाडीच्या बाजूंना पिवळी. फाटल्या असतील, धुळीने मळल्या असतील, तर बदला.

पाचवा धूर. काळा धूर येत असेल, तर बहुधा हवेची जाळी चोंदली आहे किंवा इंधन धड जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. आधी दुरुस्ती करा, मग पीयूसी काढा. सायलेन्सरला भोक नसावे.

बाकी राहिले हॉर्न, वायपर, आरसे, काच आणि नंबराची पाटी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला सरकारी नमुन्याची पाटी लागूनच येते. त्याआधीच्या गाडीला ती बसवून घ्यावी लागते. रिक्षेच्या मीटरचे सील शाबूत हवे. गाडी खालून धुवा. चासी नंबर चिखलाखाली दडला असेल, तर तो साफ करा.

आता एक कडू गोष्ट बोलतो. काही जण पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर चढवतात. दाखला हाती आला की संध्याकाळी परत जुने गुळगुळीत टायर! म्हणतात, “झालं ना काम?” कागदाचे काम झाले. पण उद्या सकाळी त्याच रिक्षेत शाळेची पोरे बसणार आहेत. घाटात पाऊस लागला, तर ब्रेक दाबल्यावर रस्ता दाखला विचारत नाही. साहेब वर्षातून एकदा तपासतो. रस्ता रोज तपासतो. टायर महाग आहेत, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून रोजच्या कमाईतून दहा-वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकत जा. पासिंगच्या महिन्यात सावकाराचे तोंड पाहावे लागणार नाही.

शेवटचे कागदाचे. आरसी, विमा, पीयूसी, परमिट, कराची पावती आणि जुना दाखला हे सगळे एका पिशवीत ठेवा. त्यातले एक संपलेले निघाले, तरी गाडी ठणठणीत असून फेरी फुकट जाते. आजवर हे कागद आपण एजंटाच्या हाती देत होतो आणि तो सांगेल ती तारीख खरी मानत होतो. आता तुम्हाला अक्षर येते, आकडा येतो. कागद कधीपर्यंत चालतो, ती तारीख त्यावर असते. ती तुमची तुम्ही वाचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या एक महिना आधी खूण करा. म्हणजे दुरुस्तीला, पैशाला आणि पासिंगचा दिवस मिळवायला सवड राहील.

आज घरी गेल्यावर पिशवी उघडा. तारखा मोठ्याने वाचा, घरच्यांनाही ऐकू द्या. एखादी तारीख जवळ आलेली दिसली, तर उद्याच मेकॅनिककडे जा.