पडद्याआडचं कृष्णविवर

तिमिंगल तारकासमूहातल्या एम ७७ या दीर्घिकेच्या केंद्रात एक महाकाय कृष्णविवर आहे. त्यात पडणारा वायू प्रचंड तापतो, झळाळतो. पण भोवतीच्या वायू-धुळीचं कडं इतकं दाट, की कमी ऊर्जेचे क्ष-किरण आतच अडकतात. आपल्याला दिसतो तो परावर्तित, मंद उजेड. जास्त ऊर्जेचे किरण मात्र दाट आवरणातूनही बाहेर निसटू शकतात.

तेच टिपायला ‘नासा’नं २०१२मध्ये ‘नूस्टार’ दुर्बीण अवकाशात सोडली. हे किरण आरशावर अगदी घासून गेले तरच वळतात, तेही जरासेच. म्हणून आरसे आणि शोधक यांच्यामध्ये तब्बल १० मीटरचा दांडा, अवकाशात गेल्यावर उलगडलेला!

ऑगस्ट २०१४मध्ये ‘नूस्टार’ला एम ७७चा उच्च ऊर्जेचा उजेड वाढलेला दिसला. शास्त्रज्ञांच्या मते, वाटेतलं ढगांचं आवरण तेवढ्यापुरतं विरळ झालं होतं. मला तर हे फार विलक्षण वाटतं.